‘उदाहरणे-जुनी’ या फाइलीबाबत खुलासा

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (डॉक्टरांनी मला कमरेतून वाकण्यास मनाई केली असल्यामुळे हा नमस्कार तूर्त लेखीच समजावा. त्यामागचा आदर न वाकताही पूर्ण आहे.)

तुझा गुडघा कसा आहे? मागे बोललो तेव्हा दुखणे डावीकडून उजवीकडे गेले आहे असे तू सांगितलेस आणि त्यावरून डावा गुडघा बरा झाला असे अनुमान काढलेस. ते अनुमान टिकले की कसे, ते कळव. भावजींच्या कानातले यंत्र दुरुस्त होऊन आले असावे. इकडे आम्ही दोघे स्वस्थ आहोत. माझ्या रक्तदाबाविषयी वेगळे लिहीत नाही. गेल्या तीन वर्षांतील त्याचे सकाळ-संध्याकाळचे सर्व आकडे एव्हाना सतरा घरांत पोहोचले आहेत. ते कसे पोहोचले, आणि त्यांच्यासोबत आणखी काय काय गेले, हा या पत्राचा विषय आहे.

प्रथम वस्तुस्थिती. गेली एकवीस वर्षे दर रविवारी सकाळी दहा वाजता मी तुला फोन करतो आणि तू तो उचलतेस. गेले तीन रविवार तो भावजींनी उचलला. पहिल्या रविवारी तू आंघोळीला गेली होतीस. दुसऱ्या रविवारीही आंघोळीलाच गेली होतीस. तिसऱ्या रविवारी भावजी “ती ना, ती जरा…” असे म्हणून थांबले आणि मागून तुझा आवाज आला, “सांगा झोपलेय म्हणून!” भावजी सत्यनिष्ठ गृहस्थ आहेत. त्यांनी “ती झोपलेय असं म्हणतेय” एवढेच सांगून फोन ठेवला. झोपलेल्या व्यक्तीला स्वतःच्या झोपेविषयी विधान करता येत नाही, हा मुद्दा मी तूर्त बाजूला ठेवतो. तू माझ्यावर रागावली आहेस, आणि का रागावली आहेस हेही मला ठाऊक आहे. म्हणून हा खुलासा. तो वाचून निर्णय तुझा तू घ्यावास. फक्त तो दोन्ही बाजू ऐकून घेतलेला असावा.

माझा हेत्वाभासकोश तुला माहीतच आहे. (हे पत्र भावजीही वाचतील म्हणून सांगतो: जो युक्तिवाद दिसायला धडधाकट असतो, पण त्यावर भार टाकला की मोडतो, तो हेत्वाभास.) चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवताना मी असे तीनशे बारा प्रकार गोळा केले, त्यांची व्याख्या केली आणि पत्र्याच्या दोन पेट्यांत कार्डांवर लावून ठेवले. प्रकाशकाने हा कोश ‘फारच अचूक’ आहे असे कळवून परत केला. मग तुझ्या नातीने सुचवले की पुस्तक नको, प्रोग्राम करू: माणसाने आपले वाक्य लिहावे आणि त्यात कोणत्या जातीचा दोष आहे ते उदाहरणासह समोर यावे. मुलगी हुशार आहे. सहा महिने ती दर शनिवारी आली, खिडकीजवळच्या टेबलाशी बसली आणि माझी कार्डे संगणकात भरत गेली. मध्येच ती मला “मामाआजोबा, हे वाक्य आजीचंय ना?” असे विचारत असे, आणि मी होय म्हणत असे. त्यातून पुढे काय उद्भवेल याचा विचार त्या वेळी तिनेही केला नाही आणि मीही.

प्रोग्राम तयार झाल्यावर तो लोकांपर्यंत पोहोचवण्याचा प्रश्न आला. त्यासाठी इन्स्टॉलर नावाची एक व्यवस्था असते. घर बदलताना सामान हलवणारी माणसे येतात, तिचे काम तसेच: आपल्याकडचे सगळे बांधायचे, दुसऱ्याच्या संगणकावर न्यायचे आणि तिथे जागच्या जागी लावून द्यायचे. (घेणाऱ्याने फक्त ‘पुढे’, ‘पुढे’, ‘मान्य आहे’ आणि ‘समाप्त’ एवढी चार बटणे दाबायची असतात. ‘मान्य आहे’ या बटणावरचा चौदा कलमी करार मी स्वतः लिहिला होता. तो कोणीही वाचलेला नाही. न वाचता मान्य करणे या दोषाची नोंद कोशातच आहे; पण ती पाहायची तर आधी करार मान्य करावा लागतो.) सतरा नातेवाईक, सहकारी आणि जुने विद्यार्थी यांची यादी करून आम्ही सतरा पेन ड्राइव्ह पाकिटांत घालून टपालाने पाठवले. नात म्हणत होती की हे सारे इंटरनेटवरून क्षणात जाईल. परंतु क्षणात गेलेल्या वस्तूची पोच मागता येत नाही, असे माझे मत होते आणि अजूनही आहे.

पहिल्या आवृत्तीत काय झाले ते तू पाहिलेच आहेस. सतराही घरांत प्रोग्राम व्यवस्थित उघडला, वर कोशाचे नाव ठसठशीत आले आणि खाली लिहून आले, ‘नोंदी : ०’. प्रोग्राम गेला होता, कोश माझ्या टेबलावरच राहिला होता. नातीच्या सांगण्यानुसार प्रोग्राम ही एक गोष्ट आणि तो ज्या फाइलींतून माहिती काढतो त्या फाइली ही दुसरी गोष्ट. इन्स्टॉलरला दोन्ही वेगवेगळ्या सांगाव्या लागतात, आणि त्या फाइली सांगायच्या राहून गेल्या होत्या. मग पाठवण्यापूर्वी तपासले कसे नाहीस, असे मी विचारले. तिने तपासले होते. माझ्याच संगणकावर, जिथे त्या फाइली मुळातच होत्या. म्हणजे घरात साखर आहे की नाही हे तिने साखरेच्या डब्यात बसून पाहिले होते. कॉलेजातील माजी ग्रंथपालांनी मला अभिनंदनाचे कार्ड पाठवले: ‘हेत्वाभासांचा कोश आणि त्यात एकही हेत्वाभास नाही, याहून निर्दोष काय असणार?’ या गृहस्थांचा उल्लेख पुन्हा येईल.

आता मूळ चुकीकडे येतो, आणि ती माझी आहे हे सुरुवातीलाच मान्य करतो. (मान्य करतो ते वस्तुस्थिती म्हणून. तिचा दोष कोणाकडे जातो हा वेगळा प्रश्न आहे.) दुसऱ्या आवृत्तीसाठी नातीने आवश्यक फाइलींची यादी करायला घेतली: व्याख्या एक, व्याख्या दोन, सूची, संदर्भ, अशा एकेक करून तेवीस. मी तिला थांबवले. एकेक मोजून केलेली यादी कधीच पूर्ण आहे असे सिद्ध करता येत नाही; पहिल्या वेळी आपण त्याच खड्ड्यात पडलो होतो. नियम असा हवा की त्यातून काहीच सुटणार नाही. त्या फोल्डरमध्ये जे जे आहे ते सर्व न्यावे, असा नियम कर, असे मी सांगितले. ती म्हणाली, “मामाआजोबा, सगळं म्हणजे सगळं जाईल हं.” मी तिला समजावून सांगितले की ‘सर्व’ हे तर्कशास्त्रातले सर्वांत स्वच्छ पद आहे, ‘काही’ हे पद फसवे असते, ‘बरेच’ तर विचारूच नये, परंतु ‘सर्व’ या पदाने आजवर कोणाला दगा दिलेला नाही. तिने यादी पुसली आणि तिच्या जागी एक चांदणी टाकली. संगणकाच्या भाषेत चांदणी म्हणजे सर्व. फोल्डरात आणखी काय आहे हे तिने विचारले नाही, कारण फोल्डर माझा होता; आणि मी पाहिले नाही, कारण नियम निर्दोष होता.

त्या फोल्डरात कोशाखेरीज पुढील गोष्टी होत्या. रक्तदाबाचे आकडे. लिफ्टविषयी इमारतीच्या समितीला लिहिलेल्या नऊ तक्रारी (नववीत तीन ठिकाणी शिष्टाचार सुटला आहे). ग्रंथपालांच्या शोकसभेसाठी तयार केलेले भाषण. दोन वर्षांपूर्वी ते अतिदक्षता विभागात होते आणि मी कुठल्याही सभेला तयारी न करता जात नाही. ते बरे झाले हे चांगलेच झाले, पण भाषण पुसायचे राहिले. आठवड्याभरात त्यांचा फोन आला. “सर, भाषण वाचलं. मनापासून सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. फक्त मी ग्रंथालयात अठ्ठावीस वर्षं होतो, तुम्ही सव्वीस म्हटलंय. तेवढं दुरुस्त करून ठेवा, पुढेमागे लागेल.” मी दुरुस्ती केली आहे.

आणि ‘उदाहरणे-जुनी’ ही फाइल होती. कोशात जी उदाहरणे द्यायची ती सभ्य आणि निनावी असावीत म्हणून मी नवी रचली होती. परंतु मूळची, प्रत्यक्ष कानांनी ऐकलेली एकशे त्रेचाळीस वाक्ये बोलणाऱ्याचे नाते, तारीख आणि दोषाचा प्रकार यांसह या जुन्या फाइलीत होती. ती बाहेर पडावी असा हेतू नव्हता. ती बाहेर पडली, आणि सतराही जणांनी व्याख्या सोडून प्रथम तीच उघडली. आपल्या धाकट्या भावाची त्यात एकोणीस वाक्ये आहेत. त्याने फोन करून तक्रार केली की एकोणीसच कशी, आयुष्यभर तो एवढा बोलला ते काय फुकट? हल्ली तो भेटेल त्याला हा आकडा सांगतो असे कळते. सौ.ची चोवीस आहेत. तिने ती शांतपणे वाचली, “पंचविसावं आत्ता लिहून घ्या” असे म्हणून एक वाक्य ऐकवले आणि ती आत गेली. ते मला घेता आले नाही, कारण त्यात दोष नव्हता. बारा वाक्ये डॉक्टर, कंडक्टर आणि तत्सम मंडळींची आहेत. उरलेली अठ्ठ्याऐंशी तुझी आहेत.

तुझा राग या अठ्ठ्याऐंशींवरून आहे हे उघड आहे, आणि पूर्वपक्ष म्हणून मी तो आधी नीट मांडतो, कारण प्रतिपक्षाची बाजू दुबळी करून मांडणे हा क्रमांक एकोणचाळीसचा दोष आहे. तुझे म्हणणे असे: ज्याला मी हात धरून शाळेत नेले, त्या सख्ख्या भावाने माझ्याशी गप्पा मारता मारता पंचावन्न वर्षे माझी वाक्ये टिपली, प्रत्येकाखाली दोषाचे नाव लिहिले आणि ती सतरा घरांत वाटली. ‘माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरलाच चष्मा आहे, तो माझे डोळे काय तपासणार?’ हे वाक्य आता ग्रंथपालांना पाठ आहे. ‘मी कधी कुणाला नावं ठेवत नाही, ती वरची बाई बघ, सारखी सगळ्यांना नावं ठेवते, असल्या बायका मला मुळीच आवडत नाहीत’ हे एका माजी विद्यार्थिनीने आपल्या वर्गात फळ्यावर लिहिले. ‘आपण लवकर गेलो की बस उशिरा येते, उशिरा गेलो की ती निघून गेलेली असते, म्हणजे ती आपल्यावर डोळा ठेवून आहे’ यावर धाकट्याच्या घरी दोन दिवस चर्चा चालली आणि अखेर तुझे बरोबर आहे असे ठरले. आणि ‘मला राग आलेला नाही. आला असता तर तुला कळलंच असतं. तुला कळत नाही, याचाच तर राग आहे’ या वाक्याखाली मी दोषाच्या जागी प्रश्नचिन्ह टाकले आहे, कारण तीनशे बारांपैकी कोणत्याही प्रकारात ते बसत नाही. पूर्वपक्ष समाप्त.

उत्तर असे. उदाहरण होणे म्हणजे अपमान होणे नव्हे. वनस्पतिशास्त्रज्ञ एखादे पान वहीत दाबून ठेवतो आणि खाली त्याचे नाव लिहितो, तेव्हा तो झाडाचा उपमर्द करत नाही. ज्या झाडात पाहण्यासारखे काही नसते त्याच्याजवळ तो थांबतही नाही. त्या फाइलीत माझे स्वतःचे एकही वाक्य नाही. हा माझा गौरव आहे असे ती वाचणाऱ्या एकालाही वाटलेले नाही. शिवाय क्रमांक एकची नोंद पाहावीस. मी कॉलेजसाठी प्रथमच घर सोडत होतो, गाडी सुटत होती आणि तू खिडकीशी धावत येऊन म्हणालीस, ‘पोहोचलास की पत्र टाक. नाही पोहोचलास तरी टाक, म्हणजे मला काळजी राहणार नाही.’ पुढच्या स्टेशनापर्यंत मी त्या वाक्यात नेमके काय चुकते आहे याचा विचार करत होतो, आणि म्हणून मला रडू आले नाही. तर्कशास्त्र घ्यायचे हे मी त्या डब्यात ठरवले. ज्या कोशाची सुरुवात अशी झाली, त्यात तुझा वाटा अधिक असणे अपरिहार्य होते. या ठिकाणी सौ.ने खांद्यावरून वाचून “हे आधी लिहायचं होतंत” असा शेरा मारला आहे. परंतु युक्तिवादात क्रम असतो आणि तो मोडता येत नाही.

तरीही जे झाले ते झाले, आणि त्यावर उपाय योजला आहे. नातीने तिसरी आवृत्ती केली. या वेळी यादी तिने केली, चांदणी पुसून तेवीस फाइली एकेक करून लिहिल्या आणि मी तोंड उघडले नाही. चोविसावी म्हणून जुनी फाइल ठेवायची तर नावे काढून ठेवावी असे ठरले, म्हणून सर्वत्र ‘ताई’च्या जागी ‘एक व्यक्ती’ घातले. ‘एक व्यक्ती म्हणते, पोहोचलास की पत्र टाक.’ मी ते वाचून पाहिले. दोष जिथल्या तिथे आहे, परंतु वाक्यात आता कोणी राहत नाही असे वाटते. ही तिसरी आवृत्ती इतर सोळा जणांना गेल्या आठवड्यात गेली. त्यांपैकी नऊ जणांनी आम्हाला दुसरीच बरी होती असे कळवले आहे.

भावजींना नमस्कार. गुडघ्याला ऊन शेक दे. आणि माझी बाजू पटली नाही तर तसे लिही. मात्र कारणांसह लिही.

तुझा आज्ञाधारक,
मधला

ता. क. : पत्रासोबत तिसऱ्या आवृत्तीचा पेन ड्राइव्ह आहे. तो लावल्यावर ‘जुन्या फाइली काढून टाकायच्या का?’ असा प्रश्न येईल. ‘होय’ दाबावेस, म्हणजे तुझ्या नावाची ती अठ्ठ्याऐंशी तुझ्या घरातून तरी जातील. वास्तविक पत्राचे प्रयोजन एवढेच होते. वरची पाने या विनंतीची पार्श्वभूमी समजावी. आणि रविवारी फोन तू उचलावास. कोश पूर्ण झालेला आहे, त्यामुळे मला नव्या वाक्यांची गरज आहे असे नाही. परंतु रविवारी दहानंतर काय करायचे हे हल्ली मला समजत नाही.

ता. क. २ : पाकीट चिकटवल्यावर तुझी नात आली. ती दोन दिवस तुझ्याकडे राहून आली आहे. पत्रातला मजकूर थोडक्यात सांगताच तिने कपाळाला हात लावला. “अहो मामाआजोबा, आजीनं काही वाचलेलंच नाहीये! तिच्याकडे अजून नोंदी शून्यच आहे!” दुसरा पेन ड्राइव्ह तू लावलास तेव्हा संगणकाने ‘हा प्रोग्राम आधीच आहे, दुरुस्त करू की रद्द करू?’ असे विचारले, आणि जिथे कळत नाही तिथे रद्द म्हणावे या भावजींच्या धोरणानुसार तुम्ही रद्द केलेत. तुझे शब्द तिने मला जसेच्या तसे सांगितले: “सगळ्या जगाला भरलेलं पाठवलं आणि सख्ख्या बहिणीला तेवढं रिकामं. धाकटा रोज फोन करून एकोणीस, एकोणीस करून नाचतोय. मला विचारतो, ताई तुझी किती? काय सांगू त्याला, शून्य?”

तू बोलत नाहीस म्हणजे तू वाचले आहेस, असे मी धरून चाललो आणि त्या पायावर सहा पाने बांधली. कोणाच्या गप्प बसण्यावरून काहीही सिद्ध होत नाही, हे मी दरवर्षी पहिल्या तासाला शिकवत असे. तरी, पहिल्या ता. क. मधील विनंती मागे घेतो. तो पेन ड्राइव्ह लावू नकोस. नात पुढच्या शनिवारी तुझ्याकडे येऊन दुसरी आवृत्ती, चांदणीसकट, स्वतःच्या हाताने बसवून देईल. धाकट्याला आकडा आजच सांगण्यास माझी हरकत नाही.

ता. क. ३ : सौ.चे म्हणणे असे की ताईंनी काही वाचलेच नव्हते, तर हे पत्र पाठवण्यात शहाणपण नाही, फाडून टाकावे. मी सांगितले की ते शक्य नाही, कारण या पत्रात मी माफी मागितली आहे. आयुष्यात तसा प्रसंग पूर्वी आलेला नाही आणि पुन्हा लिहायला बसलो तर जमेलच अशी खात्री नाही. तिने पाकीट वाफेवर धरून उघडले, चष्मा लावून सहाही पाने वाचली आणि विचारले, “अहो, पण माफी आहे कुठे यात?”

मी दोनदा तपासले. नाही.

ताई, चुकलो. तुझे बोलणे तुला न विचारता कोणाला दाखवायला नको होते. याला पुढे कारण जोडत नाही.